गुडघे दुखतात म्हणून व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेऊ का?

पन्नाशी उलटली की हा प्रश्न घेऊन बरेच जण माझ्याकडे येतात, आता झेपत नाही, सोडून देऊ का नोकरी. गेल्या वर्षी एक सिस्टर आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत), वय ५३, सरकारी दवाखान्यात २६ वर्षं सर्व्हिस, दोन्ही गुडघ्यांची झीज, शुगर बॉर्डरवर. अर्ज लिहून तयार होता, फक्त तारीख टाकायची बाकी.

नियम त्यांना तोंडपाठ. राज्य सरकारच्या नोकरीत २० वर्षं झाली की ३ महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते, आणि २००५ च्या आधी लागल्यामुळे जुनी पेन्शन. "मग अडलंय कुठं ताई?" म्हटलं तर गप्पच.

मी सांगितलं, दोन आठवडे गुडघा कधी आणि काय करताना दुखला ते वहीत लिहा. वॉर्डात उभं राहून दुखायचंच, त्यात काही नवल नाही, पण सगळ्यात वाईट दिवस निघाले सुट्टीचे! घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना उचलून खुर्चीत बसवायचं, कूस बदलायची, नाइट करून आलं तरी सकाळी झोप नाहीच. मिस्टर आणि दीर दोघांचं एकच, तू नर्स आहेस तुलाच जमतं, आणि तब्येत साथ देत नाही तर घरीच थांब ना. काळजी खरी होती हो, पण सोयीचीही होती. नोकरी सोडली असती तर गुडघ्यांना सुट्टीच्या दिवसासारखे सातही दिवस मिळाले असते आणि पगार बंद.

हे मी खूप वेळा बघते. सासूचं करायला सोडते म्हणायला जड जातं, साहेबांशी पटत नाही म्हणायला कमीपणा वाटतो, गुडघे म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही. दुखणं खोटं नसतं, पण त्याच्या मागं बाकीचं सगळं लपतं.

पुढच्या वेळी मिस्टरांना बोलावलं, वही त्यांनाच वाचायला दिली. मग एकेक गोष्ट हलली, उचलाउचलीसाठी सकाळ-संध्याकाळ बाई लावली, फिजिओथेरपिस्टकडून मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सुरू केले, अर्धपगारी रजा भरपूर शिल्लक होती त्यातली मेडिकल सर्टिफिकेटवर परिवर्तित करून घेतली (पूर्ण पगार मिळतो, रजा दुप्पट कापली जाते) आणि नाइटऐवजी ओपीडी मिळावी म्हणून अर्ज केला.

प्रायव्हेटमधे असाल तर हिशोब अजून वेगळा. ईपीएसची (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची) पेन्शन ५८ ला, ५० नंतर लवकर घेता येते पण प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात, तीही कायमची, शिवाय कंपनीचा मेडिक्लेम बहुतेक वेळा नोकरीबरोबरच जातो आणि तब्येत बिघडल्यावर नवीन पॉलिसी काढायला गेलात तर जुन्या आजारांना ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणजे ज्या कारणासाठी सोडताय त्याचाच खर्च अंगावर.

डॉक्टरच काम थांबवा म्हणाले तर थांबवायचंच, तिथं माझं काही म्हणणं नाही. पण सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर २०१६ च्या दिव्यांग कायद्याप्रमाणे काढून टाकता येत नाही, त्याच पगारावर झेपेल असं काम द्यावं लागतं, हे आधी विचारून घ्या.

सिस्टर सध्या ओपीडीत आहेत, ५५ ला परत विचार करू म्हणाल्या. मिस्टर रविवारी आईचं सगळं करतात. दीर फक्त पैसे पाठवतात.