युद्ध पेटलं की सामान्य लोक ऑनलाइन नेमकं काय बोलतात?

सोलापूरचं सांगतो. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं युक्रेनवर हल्ला केला, आणि आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुपारपर्यंत तिसरं महायुद्ध जाहीरही झालं! संध्याकाळी सूर बदलला: "काय बे, सूर्यफुलाचा डबा घेऊन ठेव, उद्या भाव चढणार." हे मात्र खुळचटपणाचं नव्हतं. आपलं सूर्यफूल तेल तेव्हा बहुतांशी युक्रेन-रशियातूनच यायचं, आणि भाव चढलेही.

व्हिडिओंचा तर पूर आला होता. विमान पाडतानाचे 'थेट युद्धभूमीवरून' म्हणून फिरलेले कितीतरी तुकडे आर्मा ३ या व्हिडिओ गेममधले निघाले. रशियाची विमानं एकट्यानं पाडतो म्हणून गाजलेल्या 'कीवचं भूत' नावाच्या युक्रेनी वैमानिकावर तर आमचे काका फिदा होते. एप्रिलअखेर खुद्द युक्रेनच्या हवाई दलानंच ती दंतकथा असल्याचं सांगितलं. काकांनी मेसेज काही डिलीट केला नाही.

बाकी मीम, 'पुतिन भारी की झेलेन्स्की' वगैरे नेहमीचंच. ज्यांची पोरं तिकडं एमबीबीएसला होती, ते आईबाप यात कुठंच नव्हते. ते फक्त एवढंच विचारायचे, की शेजारच्या रोमानियातल्या बुखारेस्टहून भारतात यायला पुढचं विमान कधी आहे.