मेकॅनिकलनंतर विमानांचं शिकायचंय

प्रश्न: ताई, मी देवगडचा, रत्नागिरीला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. चिपीला २०२१ मध्ये विमानतळ सुरू झाला तेव्हापासून विमानांचं वेड लागलंय. एरोनॉटिकलमध्ये एमटेक जमेल का? बाबा म्हणतात आंब्याची बाग बघ, खर्च कुठून आणणार.

उत्तर: अरे जमेल की! मेकॅनिकलच्या मुलांनाही आयआयटी मुंबईत एरोस्पेसला, म्हणजे विमानं आणि अवकाशयानांच्या इंजिनिअरिंगला, अर्ज करता येतो, बंगळूरच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेत तर हा विभाग १९४२ पासून आहे. त्यासाठी गेट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागेल, ती फेब्रुवारीत असते आणि स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणजे यंदा राहिलं तरी घाबरू नकोस. एरोस्पेसचा पेपर घेतलास तर स्ट्रक्चर्स, थर्मो, गणित तुझं झालेलंच असतं, फ्लाइट मेकॅनिक्स (विमान उडतं कसं) आणि स्पेस डायनॅमिक्स (अवकाशातली गती) मात्र नव्याने करावं लागेल, तिथेच जास्त वेळ दे. आणि खर्चाचं बाबांना नीट सांग, गेटमधून एमटेकला लागलास की महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो, घरावर फार भार येत नाही. एक मात्र आताच ठरव, हवा कशी वाहते ते आवडतं की इंजिन, कारण एरोडायनॅमिक्स आणि प्रोपल्शन हे वेगळे रस्ते आहेत, आणि मला वाटतं शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टही त्यातलाच घे. बाग काय, मे महिन्यात सुट्टीला येऊन बघशीलच.