न्यू ऑर्लिन्समध्ये चार दिवस: रविवार आणि सोमवार चुकवू नका

तुमचा प्रश्न असा: मार्चमध्ये कामानिमित्त न्यू ऑर्लिन्सला जाणं होतंय, हाताशी चार दिवस आहेत, बर्बन स्ट्रीटचा गोंगाट नकोय, खरं गाणं-बजावणं आणि खरं खाणं कुठे मिळेल? आणि कंसात, जरा संकोचून लिहिलंय, 'आम्ही शाकाहारी.'

कंसातल्या गोष्टीचं आधी सांगते. तिथे कुठल्याही हॉटेलात 'यात मीट आहे का?' असं विचारलंत तर हसतमुखाने उत्तर येईल, 'नाही बेबी, फक्त चवीपुरतं हॅम घातलंय.' हा विनोद नाही, हे मी कमीत कमी चार वेळा ऐकलंय. तेव्हा 'मीट' विचारू नका, 'हॅम, सॉसेज, चिकनचं पाणी यातलं काहीही आहे का?' असं एकेक नाव घेऊन विचारा.

मी 2009 ते 2016 अशी सात वर्षं तिथे काढली. मिड-सिटी भागात एका 'शॉटगन' घराच्या अर्ध्या भागात भाड्याने राहायचे. शॉटगन म्हणजे आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक खोल्या, मधे बोळ नाही. पाहुण्याला पाणी हवं असेल तर तो माझ्या पलंगाला वळसा घालून स्वयंपाकघरात जाणार. उरलेल्या अर्ध्यात घरमालकीणबाई. वय सत्तरीचं, जन्म त्याच गल्लीतला. तिकडे वडीलधाऱ्या बाईला पहिल्या नावाआधी 'मिस' लावून हाक मारतात. मी तशीच मारायचे, पण मनात काकूच म्हणायचे, म्हणून इथेही काकूच म्हणते.

आता मुद्द्याचं. तिकीट असं काढा की रविवार आणि सोमवार हे दोन्ही दिवस गावात मिळतील. बाकीचे दोन दिवस कुठलेही चालतील. लोक मार्दी ग्रा, म्हणजे लेंटच्या उपासांआधीचा तो मोठा मंगळवार, गाठायला धडपडतात. तो बघायला माझी ना नाही, मीही गळ्यात मण्यांच्या माळांचं ओझं घेऊन घरी आलेय. पण ते गाव पाहुण्यांसाठी नटलेलं असतं. रविवार-सोमवार ते स्वतःसाठी जगतं.

रविवारी दुपारी 'सेकंड लाइन' निघते. कडक उन्हाळ्याचे दोन-तीन महिने सोडले तर बहुतेक दर रविवारी. गावात 'सोशल एड अँड प्लेझर क्लब' नावाच्या जुन्या मंडळ्या आहेत. गुलामी संपल्यावर काळ्या लोकांना कोणी विमा देत नसे, तेव्हा लोकांनी भिशीसारखे पैसे जमवून एकमेकांचं डॉक्टरचं बिल, औषध, मयताचा खर्च भागवायला सुरुवात केली. यंग मेन ऑलिंपियन ही मंडळी 1884 पासूनची आहे. प्रत्येक मंडळाची वर्षातून एक मिरवणूक. पुढे मंडळाची माणसं, नखशिखांत एका रंगात, बुटांपासून टोपीच्या पिसापर्यंत, आणि त्यांच्याबरोबर ब्रास बँड. ही झाली पहिली रांग. मागून नाचत जाणारे तुम्ही-आम्ही म्हणजे दुसरी रांग, सेकंड लाइन.

पहिल्या वेळी मी लक्ष्मी रोडवर विसर्जन बघायला उभी राहावी तशी फुटपाथवर फोन उंचावून उभी राहिले. बर्फाच्या पेटीतून पाणी आणि बिअर विकत चाललेला एक माणूस मला म्हणाला, 'बेबी, ही उभं राहून बघायची गोष्ट नाही.' तेव्हापासून चालायला लागले. चार तास चालतात बरं का, मधे मधे एखाद्या बारपाशी थांबत. आमची पुण्याची ढोलपथकं शिस्तीत वाजवतात, लोक कडेने बघतात. इथे बघे असे कुणी नसतातच. पुणेकर रागावतील, पण मला हे जास्त आवडलं.

एक जागा मुद्दाम सांगते. ट्रेमे भागातून क्लेबोर्न अ‍ॅव्हेन्यू जातो. पूर्वी या रस्त्याच्या मधोमध ओकच्या झाडांच्या रांगा होत्या, दुतर्फा काळ्या लोकांची दुकानं होती. 1960च्या दशकात झाडं तोडून त्यावरून महामार्गाचा पूल नेला. दुकानं गेली, सावली राहिली ती काँक्रीटची. मिरवणूक त्या पुलाखाली आली की बँड पुढे सरकायला तयार नसतो. छताला आपटून आवाज दुप्पट होऊन परत येतो. अंगाभोवती अजगरासारखा गुंडाळलेला सूसाफोन, म्हणजे भलामोठा पितळी कर्णा, घेतलेला पोरगा गाल फुगवून असा काही सूर लावतो की तो कानाआधी छातीत ऐकू येतो. मग ट्रम्पेटवाले, मग सगळी गर्दी ओरडते. एक आजोबा पुलाच्या खांबाला हात टेकून नुसते पाय नाचवत होते, कमरेवरचं शरीर स्तब्ध. आजही तो आवाज आठवला की मला ते पाय दिसतात.

मिरवणूक कुठून निघणार हे डब्ल्यूडब्ल्यूओझेड (90.7 एफएम) या स्थानिक रेडिओच्या संकेतस्थळावर कळतं. गाडीत बसलात की तेच स्टेशन लावून ठेवा. ट्रेमे भागातच लुई आर्मस्ट्राँग पार्कमध्ये काँगो स्क्वेअर आहे. 1817च्या एका हुकुमाने गुलामांना रविवारी एकत्र जमायला गावात एक ठरावीक जागा दिली गेली, ती ही. तिथे ते ढोल वाजवत, नाचत, भाजीपाला विकत. आता दगडी फरशी आणि मोठाली झाडं आहेत, पाच मिनिटांत बघून होतं. पण रविवारच का, याचं उत्तर तिथे आहे.

तुमच्या तारखांत 19 मार्च, म्हणजे सेंट जोसेफचा दिवस येत असेल तर त्या रात्री मार्दी ग्रा इंडियन्स, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या धर्तीवर सजणाऱ्या काळ्या लोकांच्या टोळ्या, बाहेर पडतात. मणी आणि पिसांचा अंगभर पोशाख, वर्षभर रात्री-रात्री जागून हाताने शिवलेला, आणि पुढच्या वर्षी नवा. वेळापत्रक नसतं, ढोलकीच्या आवाजामागे जायचं.

संध्याकाळी गाणं ऐकायला फ्रेंचमेन स्ट्रीट. दुसरी जागा प्रिझर्व्हेशन हॉल: 1961 पासून चालू आहे, खोली लहान, खाणंपिणं काही नाही, नुसतं संगीत. तिकीट आधी काढा.

आता सोमवार. सोमवारी गावभर राजमा-भात असतो. हो, राजमाच, रेड बीन्स अँड राइस. पूर्वी सोमवार हा कपडे धुण्याचा वार. बायका दिवसभर धुण्यात, म्हणून रविवारच्या जेवणातलं हॅमचं हाड टाकून बीन्स मंद आचेवर ठेवून द्यायच्या, आपोआप शिजायचे. धुलाईयंत्रं आली तरी वार बदलला नाही. लुई आर्मस्ट्राँग, याच गावचा प्रसिद्ध जाझ ट्रम्पेटवाला, पत्राच्या शेवटी 'रेड बीन्स अँड राइसली युवर्स' अशी सही करायचा. काही बारमध्ये सोमवारी रात्री वाजवायला बँड असतो आणि कोपऱ्यात बीन्सचं पातेलं, घ्या आणि खा, फुकट. पण पातेल्यात हॅम असणार हे गृहीत धरा.

काकू दर सोमवारी पोर्चवर ताटली घेऊन बसायच्या. मी सोबत चहा घेऊन. तिथेच मला घराच्या दारावरचं चिन्ह पहिल्यांदा नीट दिसलं: स्प्रेने काढलेली मोठी फुली, तिच्या चार कोनांत तारीख, पथकाचं नाव, आणि खाली शून्य. 2005च्या ऑगस्टमध्ये कॅटरिना वादळानंतर घरोघर शोध घेणाऱ्यांनी ते काढलेलं. खालचा आकडा म्हणजे आत सापडलेली माणसं. काकूंनी घर दोनदा रंगवलं, फुली तेवढी सोडून.

मी पुण्याची. आमच्या नारायण पेठेतल्या वाड्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ होती, 12 जुलै 1961ची. आजीच्या बोलण्यात सगळ्या गोष्टी 'पानशेतच्या आधी' किंवा 'पानशेतच्या नंतर' घडलेल्या असायच्या: अमक्याचं लग्न पानशेतच्या आधी, ते कपाट पानशेतच्या नंतरचं. काकू 'बिफोर द स्टॉर्म' म्हणायच्या, अगदी त्याच सुरात. आणि दोघींची एक खोड सारखी. आजीला 'पूर आला' म्हटलेलं चालायचं नाही, 'पूर नाही, धरण फुटलं' म्हणायची. काकूंना 'वादळाने गाव बुडवलं' म्हटलं की त्या ताटली खाली ठेवायच्या. गाव वादळाने नाही बुडालं, कालव्यांच्या भिंती फुटल्या, सरकारने बांधलेल्या, म्हणून गावाचा ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. फरक एवढाच, की आमचं पाणी लवकर ओसरलं, त्यांच्याकडे ते आठवडेच्या आठवडे उभं होतं. पूरग्रस्त भाग दाखवणाऱ्या बसच्या सहली मिळतात. तुम्ही घेऊ नका असं मी म्हणेन. कुणी आपणहून सांगितलं तर ऐका.

गंबोबद्दल तुम्ही वाचलं असेलच. त्या नावाचं मूळ भेंडीसाठीच्या एका आफ्रिकी शब्दात आहे, पण म्हणून ती भेंडीची भाजी समजू नका. कोळंबी, सॉसेज, कोंबडी यांचा दाट रस्सा असतो. त्याचा पाया म्हणजे 'रू': तेल आणि मैदा समसमान, मंद आचेवर, हात न थांबवता ढवळायचं. काकूंनी मला शिकवायला घेतलं तेव्हा पंधराव्या मिनिटाला माझ्या नाकाने ओळखलं की हे बेसन भाजणं आहे. तोच खमंग वास, तीच तेल सुटायची वेळ. लाडवाला आपण थांबतो तिथे त्या थांबत नाहीत, चॉकलेटचा रंग येईपर्यंत पुढे जातात. एक काळा ठिपका दिसला की सगळं कचऱ्यात. माझं पहिलं पातेलं गेलंच, कारण आईचा फोन आला.

पालेभाज्यांचा एक हिरवा गंबो असतो, ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी. डूकी चेसेस या 1941 सालच्या हॉटेलात तो लिआ चेस यांनी नावारूपाला आणला. नागरी हक्कांच्या लढ्यातले लोक, काळे-गोरे, एकत्र बसण्याला बंदी घालणारा कायदा मोडून त्यांच्या माडीवर जेवत बसत. भाज्यांची संख्या विषम हवी असा दंडक. मला थेट ऋषीची भाजी आठवली. पण आनंद क्षणभरच टिकला, कारण त्यातही मांस असतं.

मग तुम्ही खायचं काय? कॅफे दू माँदमधले बेन्ये, पिठीसाखरेच्या ढिगाखाली तळलेले चौकोन. घास घेताना श्वास आत ओढू नका आणि काळे कपडे घालू नका. सोबतच्या कॉफीत चिकोरी असते, फिल्टर कॉफी पिणाऱ्याला लगेच ओळखीची वाटेल. प्रालीन, उच्चार तिथे 'प्रॉलीन', म्हणजे पेकानची (अक्रोडासारख्या सुक्या मेव्याची) बर्फी आणि चिक्की यांच्या मधलं काहीतरी. आणि हॅन्सेन्सचा स्नोबॉल, 1939 पासूनचा. हा आपला बर्फाचा गोळाच, फक्त बर्फ इतका बारीक की जिभेवर कण लागत नाही. वर कंडेन्स्ड मिल्क मागा. रांग लांब असते, उन्हात उभं राहा, त्याच्याशिवाय मजा नाही. अंडं चालत नसेल तर तेही प्रत्येक ठिकाणी विचारून घ्या.

रस्ता विचारलात तर उत्तर-दक्षिण कुणी सांगणार नाही. मिसिसिपी इतकी वळते की दिशांना अर्थच राहत नाही, नदीकडे, तळ्याकडे, वरच्या अंगाला, खालच्या अंगाला, असं सांगतात. 'वेस्ट बँक'वर सूर्य उगवताना मी स्वतः पाहिलाय. दुकानात वर काही थोडं फुकट मिळालं तर त्याला 'लॅन्यॅप' म्हणतात, आपला भाजीवाला पिशवीत वर कोथिंबीर टाकतो ना, तेच.

मी एकदा काकूंसाठी हॅमशिवाय रेड बीन्स केले. कांदा, सेलरी, सिमला मिरची हे तिथलं त्रिकूट, तमालपत्र, धुरी दिलेली लाल मिरची पूड. शिजल्यावर थोडे बीन्स पातेल्याच्या कडेला चिरडायचे, म्हणजे रस दाट होतो. राहवलं नाही म्हणून शेवटी चिमूटभर गोडा मसाला घातला. काकूंनी दोन घास खाल्ले, बराच वेळ समोरच्या झाडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'छान झालंय, बेबी. पण हे आहे काय?' आणि हॉट सॉसची बाटली आणायला उठल्या.