प्रश्न तुमचे : ऑनलाइन शिक्षणाचा तास कुठे जमा होतो?

ऑनलाइन सत्रांना बसणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांची या वेळी बरीच पत्रं आली. त्यातली पाच निवडली आहेत.

मी मूळची सांगलीची, सध्या लेस्टरला वॉर्डात परिचारिका आहे. पुढच्या वर्षी माझं रिव्हॅलिडेशन, म्हणजे दर तीन वर्षांनी होणारं नोंदणीचं नूतनीकरण, आहे. भारतातल्या जुन्या सहकाऱ्यांसोबत दर महिन्याला मधुमेहावरच्या ऑनलाइन सत्राला बसते. ते तास इथे धरतील का?

धरतील. ब्रिटनची नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल कार्यक्रमावर ठरावीक संस्थेचा शिक्का मागत नाही. शिकलेलं तुमच्या कामाशी जोडलेलं असलं पाहिजे, एवढं ती बघते. तीन वर्षांत 35 तास लागतात आणि त्यांपैकी किमान 20 तास 'सहभागी' हवेत, म्हणजे त्यात दुसऱ्या व्यावसायिकांशी देवाणघेवाण झालेली हवी. एका खोलीत बसण्याची अट नाही, त्यामुळे ऑनलाइन चर्चा चालते.

गाडी अडते ती इथेच. रात्री एकटीने पाहिलेलं रेकॉर्डिंग पुष्कळ जणी सहभागी तासांत लिहून टाकतात. ते 35 मध्ये धरता येतं, 20 मध्ये नाही. आग लागल्यावर काय करावं यासारखं, रुग्णसेवेशी थेट संबंध नसलेलं सक्तीचं प्रशिक्षण तर 35 मध्येही बसत नाही. म्हणून सत्र संपलं की त्याच दिवशी नोंद करा: तारीख, तास, विषय, पद्धत, तुम्ही काय विचारलंत किंवा सांगितलंत आणि त्याचा कौन्सिलच्या संहितेतल्या कोणत्या भागाशी संबंध आहे. तीन वर्षांनी आठवून लिहायला बसलात तर निम्मं हातून निसटलेलं असतं.

शिक्षणाच्या या तासांशिवाय 450 तासांचं प्रत्यक्ष काम, कामाविषयीचे पाच अभिप्राय आणि पाच लेखी चिंतनटिपणं लागतात. टिपणात रुग्णाचं नाव, खाट क्रमांक किंवा ओळख पटेल असं काहीही नको. 'सत्र माहितीपूर्ण होतं' या वाक्याला तिथे किंमत नाही. 'इन्सुलिन टोचायची जागा रुग्ण रोज बदलतो की नाही हे मी विचारत नव्हते, आता विचारते आणि हात लावून गाठ तपासते' हे खरं टिपण. या टिपणांवर जिच्याशी चर्चा करायची, ती व्यक्ती त्याच कौन्सिलकडे नोंदलेली हवी. फक्त भारतात नोंदणी असलेली मैत्रीण त्यासाठी चालत नाही.

मी साताऱ्यात प्रॅक्टिस करतो. एका अमेरिकी विद्यापीठाच्या ऑनलाइन कोर्सचं 'एएमए पीआरए कॅटेगरी 1'चे, म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मोजणीतले, 10 क्रेडिट असलेलं प्रमाणपत्र मिळालं. नोंदणीच्या नूतनीकरणाला चालेल?

आपोआप नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नूतनीकरणाला पाच वर्षांत 30 क्रेडिट तास लागतात आणि ते कौन्सिलने मान्य केलेल्या कार्यक्रमांतून यावे लागतात. अमेरिकेचं क्रेडिट हे त्या व्यवस्थेचं चलन आहे. ते इथे चालेल का, हे कोर्सला बसण्याआधी कौन्सिलकडे लेखी विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. नंतर विचारून हाती काही लागत नाही.

देशादेशांत करार असतात, पण ते ठरावीक जोड्यांपुरते. युरोपच्या ईएसीसीएमई या मान्यता मंडळाचं क्रेडिट अमेरिकन मेडिकल असोसिएशनकडे अर्ज आणि शुल्क भरून बदलून घेता येतं. युरोपात चाललं म्हणजे साताऱ्यात चालेल, असा अर्थ त्यातून काढू नका.

फॉर्म भरताना व्यवसायाचा रकाना नीट भरा. कॅटेगरी 1चं क्रेडिट डॉक्टरांसाठी असतं आणि त्यात परदेशातली एमबीबीएससारखी पदवीही धरली जाते. 'इतर' निवडलंत तर हाती नुसतं सहभागाचं प्रमाणपत्र पडतं.

मेलबर्नला नोकरी लागली आहे. नोंदणीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं आणि वेबिनारच्या प्रमाणपत्रांवर 'सिस्टर' एवढंच. काही अडेल का?

अडू शकतं, आणि यात तुम्ही एकट्या नाही. नोंदणी परिषदेकडे विवाह प्रमाणपत्र देऊन आधी नाव बदलून घ्या. ते होईपर्यंत प्रत्येक सत्रात नोंदणीवर आहे तेच पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक टाका. ऑस्ट्रेलियात परिचारिकेला वर्षाला 20 तास लागतात, वर्ष 1 जून ते 31 मे. अचानक तपासणी होते, म्हणून पुरावे पाच वर्षं ठेवावे लागतात.

कोल्हापुरातल्या आमच्या नवजात शिशु विभागाला नेपाळ आणि केनियातल्या रुग्णालयांसोबत मासिक ऑनलाइन चर्चा सुरू करायची आहे. कशी आखावी?

व्याख्यानमाला करू नका, केसवर चर्चा ठेवा. न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी 2003 मध्ये हिपॅटायटिस सीसाठी 'प्रोजेक्ट एको' सुरू केला तो याच पद्धतीने. गावातला डॉक्टर केस मांडतो, तज्ज्ञ आणि इतर गावचे डॉक्टर मिळून मार्ग काढतात, रुग्ण मात्र गावच्या डॉक्टरकडेच राहतो. 2011 मध्ये 407 रुग्णांचे निकाल प्रसिद्ध झाले: विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये 57.5 टक्के रुग्ण विषाणूमुक्त झाले, गावच्या दवाखान्यांत आणि तुरुंगांत 58.2 टक्के. ऑनलाइन शिक्षणाबद्दल आम्हाला सर्वांत जास्त विश्वास वाटतो तो या आकड्यांमुळे.

सत्र 75 मिनिटांचं पुरे: 15 मिनिटं छोटं व्याख्यान, मग दोन केस. प्रत्येक केसला 10 मिनिटं मांडणी आणि 15 मिनिटं चर्चा. उरलेली 10 मिनिटं ठरलेल्या गोष्टी मोठ्याने वाचून दाखवायला ठेवा. केस एका पानावर, तीन दिवस आधी मागवा. फोटोत चेहरा नको. एक्स-रेच्या कोपऱ्यातलं नाव आणि बाळाच्या मनगटावरची पट्टी हमखास राहून जाते, म्हणून दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

वेळ नेहमी यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, जाहीर करा. 10:00 यूटीसी म्हणजे कोल्हापुरात दुपारचे 3:30, काठमांडूत 3:45, नैरोबीत 1:00. या तिन्ही देशांत घड्याळ ऋतूप्रमाणे बदलत नाही. पुढे ब्रिटनमधला तज्ज्ञ जोडलात तर त्याची वेळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकते.

खरा धोका एककांचा. तुमच्याकडे बाळाचं बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य) 15 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल, तर मायक्रोमोल प्रति लिटर वापरणारी प्रयोगशाळा तेच सुमारे 257 सांगेल, कारण 17.1 ने गुणायचं असतं. साखरेला 18 ने भागायचं: 45 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे 2.5 मिलिमोल प्रति लिटर. बोलण्याच्या ओघात एकक गळतं आणि फोटोथेरपीचा (काविळीवरच्या प्रकाशोपचाराचा) निर्णय चुकीच्या आकड्यावर होऊ शकतो. पाटीवर दोन्ही आकडे एककांसह लिहा. अ‍ॅड्रेनालिनसाठी '1:10,000' न म्हणता 'मिलिलिटरला 0.1 मिलिग्रॅम' म्हणा.

जोडणी कमकुवत असेल तर स्लाइड आदल्या दिवशी पाठवा आणि व्हिडिओ बंद करून फक्त आवाज चालू ठेवा. एका फोनभोवती पाच परिचारिका बसल्या तर प्रणालीत हजेरी एकीचीच लागते. सहीचा कागद आणि प्रभारींची प्रतिसही चालेल का, हे आपापल्या परिषदेशी आधीच ठरवा, नाहीतर चौघींचे तास बुडतील.

सत्रानंतर लगेच घेतलेली दहा प्रश्नांची चाचणी फक्त ताजी आठवण मोजते. आठ आठवड्यांनी शेवटच्या 20 काविळीच्या बाळांचे कागद काढा. किती जणांचं बिलिरुबिन जन्मापासूनच्या तासांप्रमाणे तक्त्यावर मांडलं, ते मोजा. हाच आकडा तिन्ही रुग्णालयांनी पुढच्या सत्रात आणावा.

एक संकेतस्थळ पैसे भरून अर्ध्या तासात 20 तासांचं प्रमाणपत्र देतं. घ्यावं का?

नको. शिक्षणाचा एक तास म्हणजे घड्याळाचा एक तास. तपासणीत लॉगिनची वेळ मागितली तर अशा प्रमाणपत्राने नोंदणीच धोक्यात येऊ शकते. संकेतस्थळाने ज्या परिषदेचं नाव टाकलं आहे, त्या परिषदेच्या यादीत हा कार्यक्रम आहे का ते पैसे भरण्याआधी बघा. यादीत नसेल तर त्या परिषदेला कळवाही.