ट्यूब गिटार ॲम्प स्वतः बनवायचा आहे. सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर वापरता येतो. किट कोणतं घेऊ, ५ वॉट, १८ वॉट की ५० वॉट? आणि मित्र म्हणतात तसं किट जोडणं म्हणजे ‘बनवणं’ नव्हे का?

सरळ उत्तर आधी देतो. पहिलं किट ५ वॉटचं घ्या. सिंगल एंडेड (एकाच पॉवर ट्यूबवर चालणारं), हाताने वायरिंग करायचं, ट्यूब रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारी ट्यूब) असलेलं. फेंडर चॅम्पचं १९५० च्या दशकातलं ५एफ१ सर्किट ज्याच्या मुळाशी आहे, असं कुठलंही नीट किट चालेल. गिटारचा सिग्नल वाढवायला एक १२एएक्स७, पॉवर ट्यूब म्हणून एक ६व्ही६, रेक्टिफायर म्हणून एक ५वाय३ आणि एक व्हॉल्यूमचा नॉब. टोन कंट्रोलसुद्धा नाही. तुम्हाला सोल्डरिंग येतं आणि मल्टिमीटर वापरता येतो असं तुम्ही लिहिलंय, तेवढ्यावर हे होतं.

खरं तर एवढं सांगून थांबणार होतो, पण तुमच्या मित्रांचं ते वाक्य वाचलं आणि राहवेना. “किट म्हणजे दुसऱ्याच्या नकाशावरून तारा जोडणं, त्यात तुझं काय?” आमच्या बँडमधला दादा मला हेच ऐकवत आलाय. दादा वयाने मोठा आहे, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं वाजवतो, वाजवण्यातलं बरंच मी त्याच्याकडून शिकलो. पण ॲम्पच्या बाबतीत त्याची दोन मतं पक्की आहेत. एक, ५० वॉटच्या खालचा ॲम्प हा ॲम्पच नव्हे. दोन, किट जोडणारा माणूस कारागीर नव्हे. ही दोन्ही मतं चूक आहेत, आणि का चूक आहेत ते मला माझ्या पहिल्या किटने दाखवलं.

किट ५एफ१ चंच होतं. कंपनीचं नाव घेत नाही. वायरिंगचं चित्र रंगीत आणि सुबक होतं, कुठली तार कुठल्या पिनला जाते ते रंगांसकट दाखवलेलं. मी चित्राबरहुकूम जोडलं. हीटरच्या (ट्यूब आतून तापवणाऱ्या) तारा एकमेकींना पीळ देऊन चेसिसच्या कडेने नेल्या, इनपुटची तार शील्डेड घेतली, प्रत्येक सांधा मीटरने तपासला. पहिल्यांदा वीज दिली ती ६० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावून. बल्ब एकदम उजळला आणि हळूहळू मंद झाला, म्हणजे कुठे शॉर्ट नाही. बल्ब काढून व्होल्टेज घेतले. ६व्ही६ च्या प्लेटवर, म्हणजे ट्यूबच्या उच्च व्होल्टेजच्या टोकावर, साधारण ३५०, कॅथोडवर, म्हणजे खालच्या टोकावर, १९. कॅथोडचा रेझिस्टर ४७० ओमचा, म्हणजे ४० मिलिॲम्पिअरच्या आसपास करंट. ट्यूबची प्लेट १२ वॉट उष्णता सोसते, त्या मर्यादेच्या काठावर, पण या सर्किटात असंच असतं. सगळं जागच्या जागी.

बंद करून स्पीकर नीट बसवला, पुन्हा चालू केला, आणि ट्यूब तापताच कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू झाली. गिटार लावलेलीसुद्धा नव्हती.

दादा समोर बसला होता. “म्हणूनच सांगत होतो, पाठव परत,” म्हणाला. त्याच्या लेखी विषय संपला होता.

मी व्हॉल्यूम शून्यावर नेला. शिट्टी तशीच, सूर जराही हलला नाही. इथे रंगीत चित्राचा काही उपयोग नव्हता, कारण चित्रात आणि माझ्या चेसिसमध्ये तसूभरही फरक नव्हता. मी सर्किट डायग्राम काढला. १२एएक्स७ च्या आत सिग्नल वाढवणारे दोन ट्रायोड असतात, आणि व्हॉल्यूमचा पॉट पहिल्या ट्रायोडनंतर येतो. तो शून्यावर असतानाही आवाज येतोय, म्हणजे भानगड त्याच्या पुढे आहे, दुसरा ट्रायोड, ६व्ही६ किंवा आउटपुट ट्रान्सफॉर्मर. आणि नेमक्या याच टापूत निगेटिव्ह फीडबॅक आहे. स्पीकरच्या जॅकवरून २२ किलोओमचा रेझिस्टर मागे दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडला जातो. आउटपुटचा थोडा भाग उलटा करून परत दिला की आवाज साफ आणि स्थिर होतो. तोच भाग सुलटा परत गेला तर ॲम्प स्वतःलाच चिथावत राहतो आणि ओरडतो.

वीज बंद केली, फिल्टर कपॅसिटर डिस्चार्ज केले, मीटरवर शून्य दिसेपर्यंत कशालाही हात लावला नाही. मग त्या २२ किलोओमच्या रेझिस्टरचा एकच पाय सोल्डरिंग आयर्नने तापवून उचलला आणि हवेत सोडला. पुन्हा चालू केला. शिट्टी गायब. गिटार लावली तर आवाज मोठा, जरा रांगडा, पण स्वच्छ. म्हणजे सर्किट ठणठणीत होतं, फक्त फीडबॅक उलट्या दिशेने येत होता. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या दोन तारांची, प्लेटकडची आणि बी-प्लसकडची (म्हणजे ट्यूबना मिळणाऱ्या उच्च डीसी व्होल्टेजकडची), अदलाबदल केली, रेझिस्टरचा पाय परत जागी सोल्डर केला, आणि ॲम्प गप्प झाला. कंपनीने चित्रात एका ट्रान्सफॉर्मरचे रंग दाखवले होते आणि पेटीत दुसऱ्याच गुंडाळीचा ट्रान्सफॉर्मर दिला होता.

आता मला सांगा, हे ‘नकाशावरून तारा जोडणं’ आहे का? नकाशा चुकीचा होता. तारा जोडण्यापुरतंच मला येत असतं तर ते किट खरोखरच परत गेलं असतं. सर्किट लहान होतं, एका कागदावर मावत होतं, आणि सिग्नल गिटारपासून स्पीकरपर्यंत कसा जातो हे मला बोट ठेवून सांगता येत होतं, म्हणून तो ॲम्प उभा राहिला. ५ वॉट घ्या म्हणतो ते याच कारणासाठी.

म्हणून किट निवडताना सगळ्यात आधी त्याचे कागद बघा. बऱ्याच कंपन्या जोडणीची पुस्तिका आधीच बघू देतात. तीत तीन गोष्टी हव्यात: वायरिंगचं चित्र, खरा सर्किट डायग्राम, आणि प्रत्येक ट्यूबच्या प्रत्येक पिनवर किती व्होल्ट यायला हवेत त्याचा तक्ता. नुसतं चित्र देऊन डायग्राम न देणाऱ्याचं किट घेऊ नका, मग कॅबिनेट कितीही देखणं असो. व्होल्टेजचा तक्ता नसेल तर बिघाड शोधताना तुम्ही अंधारात चाचपडाल.

मग ट्रान्सफॉर्मर. पैसा इथे जाऊ द्या. कपॅसिटर, रेझिस्टर, ट्यूब पुढे कधीही बदलता येतात, ट्रान्सफॉर्मर सहसा कोणी बदलत नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जेमतेम आकाराचा असेल तर खालचे सूर पोकळ लागतात. चेसिसवर पॉवर आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर एकमेकांना काटकोनात बसवलेत का तेही फोटोत बघून घ्या, नाहीतर एकाचा हम दुसऱ्यात शिरतो आणि ग्राउंडिंग कितीही सुधारलं तरी जात नाही.

पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) की हाताने वायरिंग? पीसीबी वाईट नसतो, नीट बनवलेला पीसीबी वर्षानुवर्षं चालतो. पण पहिल्या ॲम्पसाठी टरेट बोर्ड घ्या, म्हणजे सोल्डरिंगसाठी धातूचे छोटे खुंट बसवलेला बोर्ड. रेझिस्टरचा एक पाय उचलून बघायचा असेल तर टरेटवर ते चुटकीसरशी होतं, पीसीबीवर तीनचार वेळा तापवलं की तांब्याची पट्टी सुटून येते. आणि बोर्ड फायबरग्लासचा घ्या. जुन्या फेंडरमध्ये असायचा तसा काळा फायबरचा आयलेट बोर्ड ‘अस्सल’ म्हणून विकतात. तो ओलावा धरतो, आणि ओलावा धरलेल्या बोर्डातून थोडा करंट इकडून तिकडे गळतो. ज्या चुकीपायी जुने ॲम्प खरखरतात ती मुद्दाम विकत घेण्यात काही अर्थ नाही. कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टरचंही तेच. पहिल्या ट्रायोडच्या प्लेटवर १०० किलोओमचा मेटल फिल्म लावा, सळसळ कमी येईल आणि व्हॅल्यू वर्षांनुवर्षं जागेवर राहील. ‘जुन्या काळचा आवाज’ या नावाखाली सुट्या भागांचे महागडे पर्याय देणारी यादी दिसली की सरळ पुढे जा.

आता वॉटबद्दल, म्हणजे दादाच्या पहिल्या मताबद्दल. पॉवर दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला आवाज ढोबळमानाने दुप्पट वाटायला पॉवर दसपट लागते. म्हणजे ५० वॉटचा ॲम्प ५ वॉटच्या दसपट नव्हे, जेमतेम दुप्पट मोठा ऐकू येतो. उलट स्पीकर बदलून बघा. ९४ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या ८ इंची स्पीकरऐवजी १०० डेसिबलचा १२ इंची लावला तर ६ डेसिबल मिळतात, म्हणजे पॉवर चौपट केल्यासारखं. माझ्या ५ वॉटच्या ॲम्पला १२ इंची कॅबिनेट जोडलं तेव्हा दादा स्वतः उठून व्हॉल्यूम कमी करून आला.

१८ वॉटचं किट म्हणजे बहुतेक वेळा १९६० च्या दशकातल्या मार्शल १९७४ चं सर्किट, दोन ईएल८४, कॅथोड बायस (ट्यूबचा करंट कॅथोडच्या रेझिस्टरवरून आपोआप ठरतो). दुसरं किट म्हणून उत्तम. फेंडर डिलक्सचं ५ई३ त्याच पंगतीतलं, दोन ६व्ही६, निगेटिव्ह फीडबॅक नाही, म्हणून माझ्यासारखी शिट्टी त्यात निघणार नाही. ५० वॉटला मात्र पहिल्यांदा हात घालू नका. तिथे बहुधा फिक्स्ड बायस असतो (तो करंट वेगळ्या निगेटिव्ह व्होल्टेजने ठरवावा लागतो), बायसचा निगेटिव्ह व्होल्टेज गेला तर पॉवर ट्यूबच्या प्लेट लालबुंद होतात, आणि बी-प्लस ४०० च्या वर असतो.

दादाच्या दुसऱ्या मताचं म्हणाल, तर तो ज्या मार्शलच्या नावाने शपथा घेतो त्या घराण्याची सुरुवात कशी झाली ते त्याने बघावं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जिम मार्शलच्या लंडनच्या दुकानात केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी फेंडर बेसमनचं ५एफ६-ए सर्किट समोर ठेवलं आणि जवळजवळ तसंच्या तसं उतरवून जेटीएम४५ बनवला. ट्यूब, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर हाती येतील तसे बदलले, आणि तेवढ्याने आवाज वेगळा झाला. दुसऱ्याच्या आकृतीवरून जोडलं म्हणून ते कारागीर नव्हते, असं दादा म्हणणार आहे का? त्याला मी हे विचारलं तेव्हा “ती गोष्ट वेगळी” एवढंच उत्तर आलं. वेगळी कशी, ते त्याने आजवर सांगितलेलं नाही. तुमच्या मित्रांनाही हाच प्रश्न विचारा.

आता आधीच सांगायला हव्या होत्या त्या गोष्टी. ड्रमरसोबत वाजवताय आणि आवाज पूर्ण क्लीन हवा असेल, तर ५ वॉट पुरणार नाही, माइक लावावा लागेल. शिकायचं नाही, फक्त ॲम्प हवाय, तर तयार घ्या. किट स्वस्त पडतं या समजुतीवर जाऊ नका, कॅबिनेट आणि स्पीकर धरले की बहुधा पडत नाही. ३५० व्होल्ट जीव घेऊ शकतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते राहतात. चालू ॲम्पमध्ये मोजताना एक हात पाठीमागे ठेवा, अंगठी-घड्याळ काढा, खोलीत कोणीतरी असू द्या. किटमध्ये ब्लीडर रेझिस्टर (बंद केल्यावर कपॅसिटर रिकामे करणारा) नसेल तर स्वतः लावा. स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब ॲम्पमध्ये सिग्नल सोडू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. आणि पॉवर ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी, म्हणजे मेन्सकडची गुंडाळी, किती व्होल्टची आहे ते बघून घ्या. बरीच किटं १२० व्होल्टच्या मेन्ससाठी असतात, २३० व्होल्टवर ती पहिल्याच मिनिटात धूर काढतील. ऑर्डर देताना २३० चा पर्याय वेगळा निवडावा लागतो.

किट ठरलं की त्याचा सर्किट डायग्राम इथे टाका, मी बघून सांगतो. ट्रान्सफॉर्मर हातात आला की आधी त्याच्या तारांचे रंग चित्राशी ताडून बघा.