नानकदेवांचा जन्म वैशाखातला, मग प्रकाशपर्व कार्तिकात का?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. गुरू नानक जयंतीसाठी विद्यार्थ्यांनी माहितीफलक तयार केला, त्यात एका मुलीने जन्मतारीख १५ एप्रिल १४६९ अशी लिहिली. दुसऱ्या मुलाने लगेच विचारले की, जन्म एप्रिलमधला असेल तर सुट्टी नोव्हेंबरमध्ये का? मला उत्तर देता आले नाही. यांतील खरे कोणते आणि फलकावर काय लिहावे? (एक शिक्षिका, परभणी)

उत्तर : जन्मतिथी म्हणून फलकावर वैशाख शुद्ध तृतीया लिहावी आणि कार्यक्रम कार्तिक पौर्णिमेलाच करावा, असे माझे मत आहे. आपल्या विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नावर शीख अभ्यासकांनी शंभर वर्षांहून अधिक काळ विचार केला आहे, म्हणून त्यामागची कारणे थोडी सविस्तर सांगतो.

गुरू नानकदेवांच्या चरित्राची मुख्य साधने म्हणजे जनमसाख्या. गुरूंच्या निधनानंतर बऱ्याच काळाने, भाविकांनी भाविकांसाठी लिहिलेल्या या कथा आहेत. आपल्याकडील संतचरित्रे वाचताना श्रद्धेचा भाग आणि नोंदीचा भाग जसा निवडून घ्यावा लागतो, तसाच तो येथेही घ्यावा लागतो. ‘पुरातन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परंपरेतील साख्या विक्रम संवत १५२६ मधील वैशाख महिना सांगतात. पाचवे गुरू अर्जनदेव यांचे पुतणे मिहरबान यांच्या नावाने चालत आलेली साखी त्याच महिन्यातील शुद्ध तृतीया देते. आपल्या पंचांगात ही तिथी म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि तिचीच इंग्रजी तारीख १५ एप्रिल १४६९ अशी काढली जाते. भाई बाला यांच्या नावाची साखी मात्र कार्तिक पौर्णिमा सांगते आणि लोकांमध्ये सर्वांत जास्त पसरली ती हीच साखी.

बाला हे गुरूंचे प्रवासातील सोबती होते आणि त्यांनीच हा वृत्तान्त सांगितला, असा या साखीचा दावा आहे. परंतु गुरूंच्या नंतरच्या पिढ्यांतील विश्वसनीय लेखक भाई गुरदास यांनी आपल्या अकराव्या वारेत (‘वार’ म्हणजे दीर्घ काव्य) गुरू नानकांच्या प्रमुख शिष्यांची नावे दिली आहेत, त्यांत रबाब वाजवणारे भाई मर्दाना आहेत, बाला नाहीत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात करमसिंग या शीख इतिहासकारांनी ‘कत्तक कि विसाख’, म्हणजे ‘कार्तिक की वैशाख’, असा प्रश्नच शीर्षकात ठेवून पुस्तक लिहिले, बाला साखीची कठोर चिकित्सा केली आणि वैशाखाच्या बाजूने निर्णय दिला. त्यांच्या विवेचनातील आयुर्मानाचा हिशेब मला विशेष पटतो. गुरूंचे निधन २२ सप्टेंबर १५३९ रोजी करतारपूर येथे झाले. जुन्या नोंदींत त्यांचे आयुष्य सत्तर वर्षे, पाच महिने आणि सात दिवसांचे सांगितले आहे. १५ एप्रिलपासून मोजल्यास हा हिशेब अचूक जुळतो. कार्तिक पौर्णिमेपासून मोजल्यास सत्तर वर्षेही भरत नाहीत. हा हिशेब विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करून घ्यावा, अशी माझी सूचना आहे, कारण साधनांची परीक्षा कशी करतात हे त्यांना त्यातून नेमके कळेल.

मग कार्तिक पौर्णिमा रूढ कशी झाली? बाला साखीचा प्रसार हे एक कारण आहेच. दुसरे कारण ब्रिटिश लेखक मॅकॉलिफ यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शीख धर्मावरील आपल्या बृहद् ग्रंथात नोंदवले आहे. अमृतसरजवळच्या रामतीर्थ येथे कार्तिक पौर्णिमेला हिंदूंची मोठी जत्रा भरत असे. तिकडे जाणाऱ्या शिखांना त्यांचा स्वतःचा मेळा मिळावा, म्हणून सुवर्णमंदिराची व्यवस्था पाहणारे भाई संतसिंग यांनी त्याच दिवशी गुरूंचा जन्मोत्सव सुरू केला, असे ते सांगतात. हे एकच कारण पुरेसे असेल असे मला वाटत नाही. वैशाखाच्या आरंभी बैसाखीसाठी अमृतसरला मोठा जनसमुदाय जमतच असे, आणि वैशाख म्हणजे पंजाबात गव्हाच्या कापणीचे दिवस. कार्तिकात मिळणारी मोकळीक तेव्हा नसते, हेही लक्षात घ्यायला हवे.

शिवजयंतीची तिथी ठरवताना आपणही अशाच वाटेने गेलो आहोत. बखरींतील वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ ही तिथी मागे पडली आणि जेधे शकावलीतील नोंदीमुळे फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ पुढे आली, हे आपण वर्गात शिकवत असालच. फरक इतकाच की, आपण नव्या पुराव्यानुसार उत्सवाचा दिवसही हलवला, तर शीख पंथाने तो हलवला नाही. २००३ मध्ये नानकशाही ही शिखांची सौर दिनदर्शिका स्वीकारताना बहुतेक गुरुपर्वांना, म्हणजे गुरूंच्या जन्म-निधनादी दिवसांना, पक्क्या सौर तारखा देण्यात आल्या, तरी नानकदेवांचे प्रकाशपर्व कार्तिक पौर्णिमेलाच राहू दिले. पहाटेच्या प्रभातफेऱ्या, अठ्ठेचाळीस तासांचा अखंड पाठ, नगरकीर्तन, लंगर हे सारे कित्येक पिढ्या या पौर्णिमेशी बांधले गेले आहे. जन्मगाव राय भोई दी तलवंडी, म्हणजे आजचे पाकिस्तानातील ननकाना साहिब, येथेही भाविक याच दिवशी जमतात. २०१९ मध्ये ५५० वे प्रकाशपर्व १२ नोव्हेंबरला झाले आणि त्याच्या तीन दिवस आधी करतारपूरचा मार्ग भारतातील यात्रेकरूंसाठी खुला झाला.

फलकावर ‘जयंती’बरोबर ‘प्रकाशपर्व’ हा शब्दही अवश्य यावा. सद्गुरू नानक प्रकट झाले, धुके विरले आणि जगात उजेड झाला, असे भाई गुरदासांनी म्हटले आहे. गुरूंच्या जन्माला ‘प्रकाश’ म्हणण्यामागे हीच भावना आहे. निधनालाही शीख ‘जोतीजोत समाणे’, म्हणजे ज्योत ज्योतीत मिळणे, असे म्हणतात.

तेव्हा फलकावर असे लिहिता येईल : ‘जन्म : वैशाख शुद्ध तृतीया, शके १३९१ (विक्रम संवत १५२६), १५ एप्रिल १४६९, राय भोई दी तलवंडी. प्रकाशपर्व : परंपरेनुसार कार्तिक पौर्णिमा.’ निधनाची तिथी द्यायची असेल तर एक काळजी घ्यावी. पंजाबी पंचांगात ती अस्सू वदी दशमी, म्हणजे आश्विन वद्य दशमी आहे. मात्र उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला, म्हणून आपल्या पंचांगात ती भाद्रपद वद्य दशमी होते. शुद्ध पक्षातील तिथींना ही अडचण येत नाही.

प्रश्न : २०२५ मध्ये गुरू गोबिंदसिंगांची जयंती जानेवारीत झाली आणि डिसेंबरमध्ये पुन्हा आली. २०२३ मध्ये तर ती एकदाही नव्हती. हा प्रकार कसा होतो? आम्हाला या पर्वासाठी नांदेडला जायचे आहे. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : दहावे गुरू गोबिंदसिंग यांचा जन्म पाटणा येथे पौष शुद्ध सप्तमीला, विक्रम संवत १७२३ मध्ये झाला, त्या वेळच्या जुन्या इंग्रजी गणनेनुसार ती २२ डिसेंबर १६६६ होती. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे तिथी दरवर्षी अकरा दिवसांच्या आसपास मागे सरकते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जाते. जानेवारीच्या पहिल्या काही दिवसांत आलेली सप्तमी त्याच इंग्रजी वर्षाच्या डिसेंबरअखेर परत येते. २०२५ मध्ये ती ६ जानेवारी आणि २७ डिसेंबरला आली. उलट, २९ डिसेंबर २०२२ नंतरची सप्तमी मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे थेट १७ जानेवारी २०२४ रोजी आली आणि २०२३ रिकामे गेले.

नेमकी हीच ओढाताण संपावी म्हणून कॅनडात राहणाऱ्या पालसिंग पुरेवाल यांनी आखलेल्या नानकशाही दिनदर्शिकेत गुरू गोबिंदसिंगांचा जन्मदिवस २३ पोह (पौष), म्हणजे दरवर्षी ५ जानेवारी, असा ठरवला होता. परंतु २०१० च्या दुरुस्तीत हे पर्व पुन्हा तिथीवर आणले गेले, आणि मूळ दिनदर्शिका मानणारे अनेक शीख आजही ५ जानेवारीच पाळतात. विचारपूर्वक घडवलेली एक सोय सात वर्षांत मागे घेतली गेली, याचे मला वाईट वाटते. मात्र ज्या तख्तांच्या, म्हणजे शीख धर्माच्या सर्वोच्च अधिकारपीठांच्या, जुन्या परंपरा तिथीवर उभ्या आहेत, त्यांचा आग्रहही समजण्यासारखा आहे. नांदेडचे तख्त सचखंड श्री हजूर साहिब त्यांपैकीच एक. १७०८ मध्ये गुरू गोबिंदसिंगांनी याच ठिकाणी गुरू ग्रंथ साहिबला गुरुपद दिले आणि येथेच ते जोतीजोत समावले. हजूर साहिबचे पर्व तिथीप्रमाणे होत असल्याने आपल्या घरच्या पंचांगात पौष शुद्ध सप्तमी पाहून प्रवास ठरवावा आणि निघण्यापूर्वी गुरुद्वाऱ्यात दूरध्वनी करून खात्री करून घ्यावी. निवासाची चौकशीही तेव्हाच करावी, कारण या दिवसांत पंजाबातून येणाऱ्या यात्रेकरूंची तेथे मोठी गर्दी असते.