लाकडाच्या सवयी कोळशाला लावू नका

पेनसिल्व्हेनियात राहताय, अँथ्रासाइट (कठीण दगडी कोळसा) जवळच्या खाणीतून मिळतोय, तर लाकूड सोडून कोळशाचा बॉयलर घ्यायला माझी काही ना नाही. पण लाकडाला वरून हवा दिली तरी चालतं. अँथ्रासाइटला ती जाळीखालूनच लागते. त्यामुळे 'आधी जुन्या लाकडाच्या शेगडीतच कोळसा टाकून बघू' हा विचार सोडा.

स्टोकर, म्हणजे कोळसा आपोआप भरणारं यंत्र, असेल तर साधारण 'राईस' नावाचा बारीक आकाराचा कोळसा लागतो, हाताने भरायचा असेल तर 'नट' हा मोठा आकार. मॅन्युअल बघूनच मागवा. हाताने भरताना थर जाड ठेवा आणि नवा कोळसा टाकताना एका कोपऱ्यात लालभडक निखारे उघडे राहू द्या. सगळं झाकलंत की आत वायू साचतो आणि मग एकदम भडका उडून दार हादरतं. आणि वरून सळईने ढोसायचं नाही, बरं का! विस्तव बसतो. जाळी खालून हलवायची, राखेच्या कप्प्यात लाल ठिणग्या पडायला लागल्या की थांबायचं. निळ्या ज्वाळा दिसल्या म्हणजे जमलं.

धूर दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तळघरात आणि झोपायच्या मजल्यावर अलार्म हवेतच. चिमणीतलं लाकडाचं क्रिओसोट (धुराचा चिकट, पेट घेणारा थर) आधी साफ करून घ्या.

राख लाकडापेक्षा कितीतरी जास्त निघते. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर. हंगाम संपला की लगेच धुराचा पाइप काढून झाडा. आत उरलेली राख उन्हाळ्यातल्या दमट हवेत ओल धरते आणि पत्रा खाऊन टाकते.